साळुंकीचा निवाडा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं बोलायची आणि माणसं थांबून त्यांचं ऐकायची. आता पाखरं बोलत नाहीत, आणि माणसांचं तर विचारूच नका. लहान असाल तर पुढे बसा, म्हातारे असाल तर भिंतीला टेका. ही गोष्ट सांगून सांगून मी कंटाळलोय बाबांनो, पण ती सांगायची वेळ काही टळत नाही, त्याला मी तरी काय करू?

एक राज्य होतं. तिथला राजा गावोगावी पंच नेमायचा. पंच म्हणजे तंटे सोडवणारा माणूस. कुणाच्या शेळीने कुणाचा वालाचा वेल खाल्ला, कुणाच्या भिंतीने कुणाचं ऊन अडवलं, भावाभावांनी घर कसं वाटून घ्यायचं, सगळं पंचासमोर यायचं. पंच व्हायचं तर टेकडीवरच्या पाठशाळेत शिकावं लागे. शिकवायला एक म्हातारे आचार्य होते.

त्या राज्यात एक रीत होती. तिला म्हणायचे परतवणी. तंटा घेऊन आलेल्या माणसाचं सगळं म्हणणं पंचाने ऐकायचं आणि मग तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. तो म्हणाला, "नाही, असं नव्हे," की पुन्हा ऐकायचं, पुन्हा सांगायचं. "हां, हेच म्हणायचं होतं मला," असं त्याच्या तोंडून निघालं, की दुसऱ्या बाजूकडे वळायचं. दोघांची परतवणी झाली की मगच निवाडा.

आता तुम्ही म्हणाल, यात शिकायचं काय? करून बघा. आपल्या बायकोचं, आपल्या भावाचं म्हणणं एकदा परत सांगून बघा, आणि ते "हेच" म्हणतात का पाहा. पोरांना हे शिकताना नाकी नऊ यायचे. सकाळभर एकाच माणसासमोर बसायचं. तो रडणार, मधेच आजीच्या लग्नाची गोष्ट काढणार, मुद्दा सोडून भलतीकडेच जाणार, आणि आपण ऐकत राहायचं. पण गंमत अशी, की कित्येकदा निवाड्याची वेळच यायची नाही. आपलं म्हणणं कुणीतरी नीट ऐकलं एवढ्यानेच माणसं निवायची आणि घरी जायची.

आचार्य परीक्षाही तशीच घ्यायचे. स्वतः भांडखोर शेजारी व्हायचे, स्वतःच रुसलेली सून व्हायचे. प्रत्येक शिष्यासमोर वेगळं सोंग. शिष्य थोडे होते तोवर हे जमलं.

मग राज्य वाढलं. राजाचा निरोप आला, "पंच कमी पडतात. जास्त पाठवा, लवकर पाठवा." टेकडीवर पोरांची रीघ लागली. आचार्यांचं वय झालेलं, गुडघे धरलेले. इतक्या जणांसमोर कितीदा सून व्हायचं माणसाने? दमले बिचारे. त्यांनी एक सोपी युक्ती काढली. परीक्षेला तंटा फळ्यावर लिहायचा आणि पोरांनी आपापल्या पाटीवर फक्त निवाडा लिहायचा. परतवणीला गुण नाहीत.

पोरं हुशार असतात. जे विचारत नाहीत ते कोण शिकतं? परतवणीच्या तासाला निम्मी डुलक्या घ्यायला लागली, उरलेली पळून नदीवर जायला लागली.

पाठशाळेच्या मागे बेहड्याचं झाड होतं आणि त्यावर एक साळुंकी राहायची. तिच्या आज्या-पणज्या राजाच्या न्यायसभेच्या आढ्यावर वाढलेल्या. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले सगळे निवाडे तिला तोंडपाठ. तिला तंटा सांगायचा अवकाश, की निवाडा हजर. तोही गोड आवाजात, नीट मुद्देसूद. वर पुन्हा विचारायची, "आणखी काही हवंय का?" स्वभावाने फार चांगली. कुणाला नाही म्हणायची नाही. खरं सांगायचं तर या गोष्टीत तिचा काहीच दोष नाही, उगाच तिला शिव्या घालू नका.

ती पहिल्यांदा सापडली मुकुंदाला. हा पोरगा आळशी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. बुद्धीने तल्लख, बोलायला चुणचुणीत. गावात पंचाचा मान केवढा असतो हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. ती काठी, तो जरीचा फेटा, चावडीत शिरलं की सगळ्यांनी उठून उभं राहणं, हे त्याला हवं होतं. आणि ते पाटीवरच्या गुणांनी मिळतं, हे त्याला दिसत होतं. त्याने साळुंकीला विचारून पाटी लिहिली आणि त्याचा पहिला नंबर आला. पुढच्या परीक्षेला बेहड्याखाली निम्मी पाठशाळा उभी. त्याच्या पुढच्या परीक्षेला सगळीच.

आचार्य पाट्या वाचायला बसले. पहिली पाटी सुरेख. दुसरी सुरेख. तिसरीही सुरेख, आणि शब्दन्‌शब्द दुसरीसारखी. म्हाताऱ्याने चष्मा नसलेल्या त्या काळात पाट्या डोळ्यांना चिकटवून वाचल्या आणि हाक मारली, "मुकुंदा, इकडे ये रे."

"काय आचार्य?"

"हे तू लिहिलंस?"

मुकुंदा खोटं बोलला नाही. म्हणाला, "अक्षर माझं आहे. निवाडा साळुंकीचा आहे. पण आचार्य, चुकलाय का तो?"

"चुकलेला नाही."

"माझ्या डोक्यातून निघाला असता त्यापेक्षा चांगलाच आहे ना?"

आचार्यांनी नाइलाजाने मान हलवली.

"मग मला एक सांगा," मुकुंदा म्हणाला, आणि त्यात उद्धटपणा नव्हता, पोराला खरंच कळत नव्हतं, "साळुंकीला हे सगळं येतं, तर मी कशाला शिकायचं?"

अरे देवा! त्या वेळी त्या म्हाताऱ्याने पोराला समोर बसवून घ्यायला हवं होतं. पण दिवसभर पाट्या वाचून त्यांचं डोकं उठलं होतं. त्यांना वाटलं, कार्टं तोंड वर करून बोलतंय. ते ओरडले, "कशाला म्हणजे? मी सांगतो म्हणून!" मुकुंदा मान खाली घालून गेला, आणि तो प्रश्न तिथेच पडून राहिला.

मग सुरू झाला नुसता पकडापकडीचा खेळ. आचार्यांनी बेहड्याभोवती काटेरी कुंपण घातलं. पोरांनी कुंपणाबाहेरून शीळ घालायची आणि साळुंकीने उडत यायचं, असं चाललं. मग परीक्षेला दारं-खिडक्या बंद. तेव्हा पोरं साळुंकीचं पिल्लू अंगरख्यात लपवून आणायला लागली. मग प्रत्येकाची झडती. शिकवायचं राहिलं बाजूला, आचार्य दिवसभर डोळ्यांत तेल घालून पोरांच्या बाह्या तपासत फिरायचे. पोरांना त्यांची भीती वाटायची, त्यांना पोरांचा संशय यायचा, आणि संध्याकाळी दोघंही थकून भाकरी खायचे.

शेवटी एके दिवशी म्हाताऱ्याने हात टेकले. पाट्यांचा ढीग उचलला आणि स्वतःच बेहड्याखाली गेला. म्हणाला, "बाई साळुंके, एवढ्या तपासून दे गं."

"देते की," ती म्हणाली. "सगळ्या उत्तम आहेत. आणखी काही हवंय का?"

तेव्हापासून पाट्या साळुंकीच सांगायची आणि साळुंकीच तपासायची. पोरं खूश, आचार्यांच्या जिवाला थोडा आराम, आणि राजाला भराभर पंच मिळत होते. कुणाची काही तक्रार नव्हती.

मुकुंदा सगळ्यांत वरच्या गुणांनी बाहेर पडला. काठी मिळाली, फेटा मिळाला, आणि घाटाच्या पायथ्याचं नदीकाठचं एक गाव मिळालं. साळुंक्या काय, सगळीकडेच असतात. चावडीमागच्या शेवग्यावरही त्यांचा थवा होता.

सुरुवातीला झकास चाललं. शेळीचा तंटा आला, मुकुंदा शेवग्याखाली जाऊन आला, निवाडा दिला. कुंपणाचा आला, तोही चुटकीसरशी सुटला. म्हातारीकोतारी कुरकुरायची, "ह्यो पंच परतवणी करत न्हाई." मुकुंदा हसून म्हणायचा, "आजोबा, ती जुनी पद्धत झाली. निवाडा बरोबर आहे ना? मग झालं तर." निवाडा बरोबरच असायचा, त्यामुळे पुढे कुणी बोलायचं नाही.

आणि मग भर पावसाळ्यात हौसाचा तंटा आला.

हौसा तरुण बाई. तिचा नवरा आदल्या वर्षी नदीच्या उतारावर बुडून गेला होता. उतार म्हणजे पाण्यातून चालत पलीकडे जायची जागा. हौसा माहेरी गेली होती, तिला आणायला तो पलीकडे निघाला आणि पोहोचलाच नाही. त्या दिवसापासून सासरा सुभाना तिच्याशी बोलत नव्हता, आणि तीही त्याच्याशी बोलत नव्हती. तिला वाटे, हा मलाच दोष देतो. त्याला काय वाटे हे कुणी विचारलं नव्हतं. घरात एक लहानगं पोर होतं, नुकतं चालायला लागलेलं, ते दोघांच्या मधून लुटुलुटु फिरायचं. आता हौसाला पोराला घेऊन माहेरी जायचं होतं, कायमचं. सासरा दार अडवून उभा राहिला, म्हणून तंटा चावडीत आला. हौसाचा भाऊही तिला न्यायला आला होता.

हौसा म्हणाली, "माझं पोर मला द्यावं. मला हितं राहवत न्हाई."

मुकुंदाने सुभानाकडे पाहिलं. म्हातारा उठला. चार माणसांत बोलायची त्याला सवय नव्हती. पागोटं काढलं, पुन्हा घातलं, खाकरला आणि म्हणाला, "पोर हितनं हलायचं न्हाई. त्याचं काय हाय पंच, माझा ल्योक जवा..."

"कळलं आजोबा, कळलं," मुकुंदा हात वर करून म्हणाला. "बसा तुम्ही."

"न्हाई, पर माझं ऐकून..."

"बसा हो! सगळं ध्यानात आलंय माझ्या."

म्हातारा उभाच राहिला थोडा वेळ. मग बसला.

मुकुंदा मागे शेवग्याखाली गेला. साळुंकीला म्हणाला, "नवरा वारलाय. आई मूल मागतेय. आजोबा मूल सोडत नाही."

साळुंकीने मान वाकडी केली. "मूल लहान आहे, ते आईकडे जावं. आजोबाला सुगीच्या दिवसांत नातू भेटावा. आणि अशा तंट्यात उशीर केला की तो चिघळतो, म्हणून निवाडा आजच्या आज अमलात आणावा. आणखी काही हवंय का?"

"नको, पुरे."

त्याने चावडीत येऊन निवाडा सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. खरंच, यात चूक काय काढणार? मी आजवर किती जणांना ही गोष्ट सांगितली, कुणालाही त्यात चूक काढता आलेली नाही. सुभाना तेवढा पुटपुटला, "माझी परतवणी झाली न्हाई." पण पंचाने फेटा सारखा केला होता आणि चावडी उठली होती.

हौसाच्या भावाला घाई होती. आजच्या आज म्हणजे आजच निघायचं. घाटातला रस्ता लांबचा, मुक्काम करावा लागणार. नदीचा उतार जवळचा. हौसा म्हणाली, "दादा, तिथनं नको." भाऊ म्हणाला, "अगं, पाणी गुडघाभर बी न्हाई. मी हाय की." त्याने पोराला खांद्यावर घेतलं. हौसाने डोळे मिटून त्याच्या उपरण्याचं टोक धरलं आणि पाण्यात पाय घातला.

सुभाना मागून येत होता. काठावरून त्याने हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात काय ऐकू येणार? वर डोंगरात पाऊस झाला होता. मधोमध पोहोचेपर्यंत पाणी कमरेला आलं, भावाचा पाय घसरला आणि पोर खांद्यावरून गेलं.

म्हातारा अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात पडला. त्याने पोर गाठलं. वाहत वाहत एका खडकाशी आला, दोन्ही हातांनी पोराला वर ढकललं, आणि हौसाला काठाला लावून खडकापर्यंत आलेल्या भावाने ते ओढून घेतलं. म्हाताऱ्याला धरायला हात पुढे केला तेव्हा तो तिथे नव्हता.

पोर वाचलं. सुभाना गेला.

मुकुंदाला बातमी कळली तसा तो पळत सुभानाच्या घरी गेला. ओसरीवर सुभानाची बायको बसली होती. रडून झालं होतं तिचं. हौसा पोराला घट्ट धरून कोपऱ्यात बसली होती. म्हातारीसमोर एक लहानशी कुंची होती, लाल कापडाची, नवी शिवलेली, आणि फुटाणे-गूळ बांधलेलं एक गाठोडं.

"ह्ये त्यानं पोराच्या परवासासाठी करून ठेवलं हुतं," म्हातारी म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "पानी वसरलं की मीच पोचवतो दोघांना, म्हणायचा. दिवाळीनंतर. तवर पोर हितनं हलायचं न्हाई. माझा ल्योक गेला त्या पान्यात, नातू आनी सून न्हाई जाऊ द्यायची. सकाळपासनं घोकत हुता, पंचाम्होरं कसं बोलायचं. मला म्हनला, हौसाला बी सांगतो आज चावडीत, की तुझा काय बी दोष न्हाई पोरी. घरात सांगाया जीभ उचलत न्हवती मेल्याची. पंचाम्होरं सांगनार हुता."

हौसाच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मला सांगता येणार नाही.

मुकुंदाला आता सगळं उमगलं. तंटा नव्हताच. सून जायला नको, असं म्हातारा म्हणतच नव्हता. आणखी जरा वेळ, म्हाताऱ्याचं अडखळणं सोसून ऐकून घेतलं असतं, तर निवाडा द्यावाच लागला नसता. दोघं चावडीतूनच बोलत घरी गेली असती. साळुंकीने दिलेलं उत्तर बरोबर होतं, पण तिला प्रश्नच भलता सांगितला होता, आणि तो सांगणारा मुकुंदा होता.

तो हौसापुढे हात जोडून बसला. सवयीने तेच म्हणाला, "मी निवाडा बरोबर दिला होता, बाई."

ती शांतपणे म्हणाली, "व्हय पंच. सगळं गाव म्हनतंय, निवाडा बरोबर हुता. पर त्यो आमचा न्हवता."

मुकुंदाने काठी आणि फेटा चावडीत ठेवला आणि तो चालत पाठशाळेत गेला. आचार्य अंगणात पाट्यांच्या ढिगाशेजारी बसले होते, अजूनच वाकलेले. त्यांनी त्याला ओळखलं आणि झडतीच्या सवयीने आधी त्याच्या बाह्यांकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस."

मुकुंदाने सगळं सांगितलं. आचार्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "आता मी सांगतो, बरोबर आहे का बघ." आणि त्यांनी त्याचंच म्हणणं त्याला परत सांगितलं, थकलेल्या आवाजात, थांबत थांबत. दोनदा चुकले. दोनदा मुकुंदा म्हणाला, "नाही आचार्य, असं नव्हे." पण तिसऱ्या खेपेला तो ढसाढसा रडला.

"तुझी एकट्याची चूक नाही रे," आचार्य म्हणाले. "तू विचारलं होतंस, मी कशाला शिकायचं. मी ओरडलो. मला पाट्या संपवायच्या होत्या. मीच ऐकलं नाही, तर तू कुणाकडून शिकणार होतास?"

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी पाट्या बंद केल्या. बेहड्याभोवतीचं कुंपणही काढलं. साळुंकीला ज्याला जे विचारायचं ते विचारू दे म्हणाले, पण परीक्षा पुन्हा समोरासमोर बसून. राजाचे रागाचे निरोप आले, पंच कमी निघतात म्हणून. आचार्यांनी कळवलं, "थोडे पाठवीन, पण ऐकणारे पाठवीन." राजाला ते आवडलं नाही. आचार्यांचे गुडघेही काही बरे झाले नाहीत. संध्याकाळी ते पूर्वीसारखेच दमून आडवे व्हायचे.

आणि मुकुंदा? तो लहान पोरांच्या ओळीत मागे जाऊन बसला आणि पहिल्या धड्यापासून परतवणी शिकायला लागला. पुढे त्याला काठी परत मिळाली की नाही, ते मला ठाऊक नाही. हौसा दिवाळीनंतर माहेरी गेली, घाटाच्या लांबच्या रस्त्याने, पोराच्या डोक्यावर लाल कुंची घालून. सासू तिला वेशीपर्यंत सोडायला आली होती. सासरा जे चावडीत सांगणार होता, ते तिला त्याच्याच तोंडून कधीच ऐकायला मिळालं नाही, आणि जगातला कुठलाही निवाडा ते आता तिला देऊ शकत नाही.

बोध एवढाच: उत्तर कुणाकडूनही मागून आणता येतं, पण समोरच्या माणसाला समजून घेणं ज्याचं त्यालाच शिकावं लागतं.